फेरफार आणि नोंद

वीस-पंचवीस वर्षांमागे सरकारी कचेऱ्यांत क्वचितच दिसणारे एक कपाट आता जवळजवळ प्रत्येक ठिकाणी दिसते. ते बहुधा जिन्याखाली किंवा अभिलेखकक्षाच्या कोपऱ्यात असते. त्याचे दार काचेचे असते आणि आत हिरवे दिवे रात्रंदिवस लुकलुकत असतात. कचेरीतील वरिष्ठ मंडळी त्याच्याकडे, परक्या गावच्या देवाकडे पाहावे तशी, थोड्या आदराने आणि पुष्कळशा अज्ञानाने पाहतात. मीही त्यांतलाच होतो. या कपाटात 'स्विच' नावाची एक चपटी पेटी असते. नावावरून दिव्याच्या बटणाची कल्पना येते, पण हिचे काम निराळे. कचेरीतले सर्व संगणक तारांनी या पेटीला जोडलेले असतात, आणि कोणत्या तारेवरचा निरोप कोणत्या तारेकडे जाऊ द्यायचा, लेखाशाखेची मेजे एका गटात आणि आस्थापनाशाखेची दुसऱ्या गटात कशी राखायची, हे सारे ती पाहते. अर्थात ती स्वतः काही ठरवीत नाही. कोणा अभियंत्याने तिला आज्ञांची एक यादी दिलेली असते, ती यादी ती निमूटपणे पाळते.

या पेटीच्या स्वभावातील एका गोष्टीने मला सेवेच्या अखेरच्या काळात बरेच अस्वस्थ केले, आणि निवृत्तीनंतरही ती अस्वस्थता पुरती गेलेली नाही. तिला दोन स्मृती असतात. 1984 साली अमेरिकेत स्थापन झालेल्या सिस्को कंपनीची परिभाषा या क्षेत्रात रूढ आहे, म्हणून तिचेच शब्द वापरतो. पहिली 'रनिंग कॉन्फिगरेशन', म्हणजे या क्षणी जी व्यवस्था चालू आहे ती. ही विजेच्या आधाराने जगते. दुसरी 'स्टार्टअप कॉन्फिगरेशन', म्हणजे पेटी नव्याने जागी झाली की जी व्यवस्था ती वाचून अमलात आणते ती. ही वीज गेली तरी टिकते. अभियंत्याने एखादा फेरफार केला की तो तत्क्षणी लागू होतो, पण केवळ पहिल्या स्मृतीत. दुसऱ्या स्मृतीत तो जावा अशी इच्छा असेल तर एक स्वतंत्र आज्ञा द्यावी लागते. तिचे जुने रूप 'राइट मेमरी' असे आहे. 'स्मृतीत लिही' असा त्याचा सरळ अर्थ. ही आज्ञा दिली नाही तरी काहीएक बिघडत नाही. काम चालते, दिवे हिरवेच राहतात, आणि केलेला फेरफार अजून नोंदलेला नाही हे बाहेरून पाहणाऱ्या कोणालाही कळत नाही. अभियंत्याने रीतसर आज्ञा देऊन पेटी पुन्हा सुरू करायला घेतली तर ती विचारते, की व्यवस्था बदललेली आहे, जतन करायची काय? परंतु वीज अचानक गेली तर हा प्रश्न विचारायला तिला सवड मिळत नाही.

आमच्याकडे वीज अचानक गेली. पूर्वेकडील एका शहरात मी तेव्हा होतो. एप्रिल अखेरीस तिकडे दुपार कलताना जी वादळे उठतात, त्यांना कालबैसाखी म्हणतात. आपल्याकडच्या वळवापेक्षा त्यांचा आवेश पुष्कळच मोठा. अशाच एका वादळात शहराचा तो भाग तासभर अंधारात गेला. स्विचला आधार म्हणून ठेवलेल्या बॅटऱ्या दहा मिनिटेही टिकल्या नाहीत. (त्या बदलण्याचा प्रस्ताव माझ्याच मेजावर पडून होता, हेही येथेच सांगून टाकतो.) वीज परत आली, हिरवे दिवे लागले, आणि पेटी चौदा महिन्यांपूर्वीच्या जगात जागी झाली. त्या चौदा महिन्यांत लेखाशाखा एका दालनातून दुसऱ्या दालनात गेली होती आणि तिची मेजे नव्या तारांवर जोडली गेली होती. पेटीला यातले काहीच ठाऊक नव्हते. मौज अशी, की गटांची नावे आणि क्रमांक या जातीच्या स्विचांत बहुधा वेगळ्या जागी आपोआप टिकतात; पुसला गेला होता तो कोणती तार कोणत्या गटाची हा संबंध. शाखांच्या पाट्या जागच्या जागी आणि माणसे मात्र भलत्याच खोल्यांत, अशी ती अवस्था. वेतनाची आणि निवृत्तिवेतनाची देयके त्या दोन दिवसांत जायची होती; ती गेली नाहीत. नव्याने आलेल्या तरुण अभियंत्याने कंदिलाच्या उजेडात विहिरीतला गाळ उपसावा तशी एकेक तार हातात धरून दोन रात्री काढल्या. ज्याने तो मूळ फेरफार केला होता, तो आठ महिन्यांपूर्वीच बदलून गेला होता. कागद कोणताही नव्हता.

मी त्या गेलेल्या अभियंत्याच्या नावे 'कारणे दाखवा' नोटिशीचा मसुदा करायला बसलो. 'निष्काळजीपणा' हा शब्द लिहिला, आणि तेथे थांबलो. थांबण्याचे पहिले कारण केवळ बौद्धिक होते. दुसरे कारण नंतर आठवले. ते पुढे सांगतो.

बौद्धिक अडचण अशी. ज्यांनी ही यंत्रे घडविली त्यांनी कृती आणि नोंद यांची फारकत मुद्दाम केलेली असते, निदान तिचा लाभ तरी सर्वजण जाणून घेतात. दूरच्या स्विचवर काम करणारा माणूस ज्या तारेतून आज्ञा देतो, तीच तार चुकून बंद करून बसणे फार सोपे असते. बसल्या फांदीवर घाव घालणाऱ्याची गोष्ट आपण मुलांना सांगतो. येथे ती रोज घडू शकते. 4 ऑक्टोबर 2021 रोजी फेसबुकच्या जाळ्यात नेहमीच्या देखभालीतली एक आज्ञा अशी चुकली की त्यांची जगभरची सेवा सुमारे सहा तास बंद पडली. दुरुस्त करणाऱ्यांची दुरून आत शिरण्याची वाटही तिच्याबरोबर बंद झाली आणि माणसांना प्रत्यक्ष यंत्रगृहात पाठवावे लागले. अशा प्रसंगी नोंद न झालेली असणे ही दयाच म्हणायची. म्हणून जाणते अभियंते धोक्याचा फेरफार करण्यापूर्वी पेटीला बजावून ठेवतात, की दहा मिनिटांनी आपण होऊन पुन्हा सुरू हो. फेरफार बरोबर ठरला तर ती आज्ञा मागे घ्यायची. आणि आपणच बाहेर अडकलो तर दहा मिनिटांनी पेटी जुन्या, नोंदलेल्या व्यवस्थेत जागी होते व वाट मोकळी होते. 1996 साली स्थापन झालेल्या ज्युनिपर कंपनीने तर हा विवेक यंत्राच्या घडणीतच घातला. तिच्या पद्धतीत फेरफार आधी मसुदा म्हणून राहतो, मान्यता दिल्यावर लागू होतो, आणि हवी तर ती मान्यता तात्पुरती देता येते. ठरलेल्या वेळेत, एरवी दहा मिनिटांत, पुन्हा होकार दिला नाही तर जुनी व्यवस्था आपोआप परतते. चालू व्यवस्थेखेरीज आधीच्या 49 व्यवस्थाही तेथे जपून ठेवता येतात. लॅटव्हियातील मिक्रोटिक कंपनीची यंत्रे उलट स्वभावाची: आज्ञा दिली की ती नोंदलीच. पण त्यांनाही सुरक्षित अवस्था म्हणून एक सोय ठेवावी लागली, जिच्यात असताना संपर्क तुटला तर केलेले सारे फेरफार उलटतात.

तेव्हा नोंद न करणे हा सर्वस्वी दोष नव्हे. तो संशयाला दिलेला अवकाश आहे. माणूस आपल्या कृतीकडे थोडा वेळ पाहतो, तिचे परिणाम तपासतो, आणि मगच ती आपली म्हणतो. प्रश्न एवढाच की हा अवकाश कधी संपतो? दहा मिनिटांचा संशय हा विवेक. चौदा महिन्यांच्या संशयाला काय म्हणावे? आणि त्या तरुणाला चौदा महिने संशय होता असेही नाही. दुसऱ्याच दिवशी त्याचा संशय फिटला असणार. काम चालू झाले, लेखाशाखेने आभार मानले, आणि सारे पार पडले असे त्याला वाटले.

या ठिकाणी तत्त्वज्ञांचा एक जुना वाद आडवा येतो. दोन कचेऱ्यांतील दोन अभियंत्यांनी सारखीच विस्मृती केली. एका गावी वादळ आले, दुसऱ्या गावी आले नाही. पहिल्याला नोटीस, दुसऱ्याला बढती. हा न्याय कसा? कांटने 1785 साली सदिच्छेचे मूल्य तिच्या यशापयशावर अवलंबून नाही असे प्रतिपादन केले. आणि आपल्याकडे तर कर्मावर अधिकार आहे, फळावर नाही, हा विचार बालपणापासून कानांवर पडलेला. तरीही प्रत्यक्ष व्यवहारात आपण परिणाम पाहूनच दोष देतो. 1976 साली बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल या दोघांनी या विसंगतीवर बोट ठेवले आणि तिला 'नैतिक दैव' अशा अर्थाचे नाव दिले. नेगेलचा सूर असा, की परिणाम कर्त्याच्या हाती नसतो हे मान्य करूनही तो दोषाच्या हिशोबातून वगळणे आपल्याला जमत नाही.

मला हे विवेचन पटते, पण आमच्या स्विचला ते पुरते लागू पडत नाही असे वाटते. त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे, की कर्म पूर्ण झाले होते आणि वादळाने केवळ त्याचे फळ बिघडवले. खरा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे: नोंद हा कर्माचा भाग, की फळाचा? ती फळाचा भाग असेल तर वादळाला दोष द्यावा. पण ती कर्माचाच भाग असेल तर दोन्ही गावच्या अभियंत्यांचे कर्म अर्धेच झालेले होते. वादळाने एकाचे अर्धेपण उघडे केले, इतकेच. मग दैवाचा प्रश्न पुष्कळसा मिटतो.

आणि आपण सरकारी माणसांनी तरी याचे उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवलेले आहे. आपल्यापैकी ज्यांची गावाकडे थोडी जमीन आहे त्यांना 'फेरफार' हा शब्द निराळा सांगायला नको. जमीन विकली गेली, वाटली गेली, वारसाकडे आली, की तलाठी फेरफाराच्या नोंदवहीत नोंद घालतो, हितसंबंधितांना नोटिसा जातात, हरकतीसाठी मुदत राहते, आणि मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. तेव्हा कोठे सातबारा बदलतो. नोंद घालणे आणि ती पक्की होणे यांत मुद्दाम ठेवलेले हे अंतर ज्युनिपरच्या तात्पुरत्या मान्यतेसारखेच आहे. पण कसतो एक आणि सातबारा दुसऱ्याच्या नावे, अशी शेतेही आपण पाहिलेली आहेत. पिढीभर सारे सुरळीत चालते. भाऊ भावाला धान्य देतो, कोणी हरकत घेत नाही. मग एखादा वडीलधारा जातो, आणि दुसऱ्या दिवशी घर चाळीस वर्षांपूर्वीच्या सातबाऱ्यात जागे होते.

कचेरीतही तसेच. केंद्र सरकारच्या सेवकांसाठी 1964 साली जे वर्तणुकीचे नियम झाले त्यांत वरिष्ठाचा आदेश सर्वसाधारणपणे लेखी असावा असे म्हटले आहे; तोंडी द्यावाच लागला तर लवकरात लवकर त्याची लेखी पुष्टी करावी, आणि कनिष्ठानेही ती मागून घ्यावी. 2013 साली टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयानेही तोंडी आदेशांवर चालण्याच्या प्रथेबद्दल नापसंती दर्शविली आणि असे आदेश नोंदवून ठेवण्यावर भर दिला. नियम तोंडी आदेशाला मनाई करीत नाही. वादळात, पुरात, दंगलीत तोंडी आदेशच द्यावा लागतो. नियम एवढेच म्हणतो की तो आदेश फार काळ नुसत्या वाऱ्यावर राहू नये.

हे सारे मी मनात जुळवीत होतो, मसुद्यातील 'निष्काळजीपणा' हा शब्द आता समर्थनीय ठरला असे मला वाटू लागले होते, आणि त्याच वेळी ते दुसरे कारण आठवले.

या घटनेच्या बारा वर्षे आधी मी नर्मदेकाठच्या एका जिल्ह्याच्या गावी होतो. आमच्या आवाराच्या मागच्या बाजूला एक खोली होती. तीत कचेरीचा चौकीदार राहत असे. तो वारला. त्याची बायको आणि शाळेत जाणारी मुलगी खोलीतच राहिल्या. नियमाने त्यांना काही महिन्यांत खोली सोडणे भाग होते. नाझर फाईल घेऊन आला, तेव्हा मी ती न उघडताच म्हणालो, "राहू द्या त्यांना, मुलीची परीक्षा तरी होऊ द्या." नाझर शहाणा होता. "साहेब, टिपण घालू?" असे त्याने विचारले. मी म्हणालो, "टिपण कशाला?" माझ्या दयाळूपणाबद्दल त्या दिवशी मला बरे वाटले होते, हे कबूल करतो. पुढे तीन वर्षे मी तेथे होतो आणि त्या दोघी तेथे राहिल्या. मग माझी बदली झाली. कार्यभार सोपवताना मी फर्निचरच्या यादीवर सह्या केल्या, तिजोरीच्या किल्ल्या दिल्या. खोलीचा विषय निघाला नाही. माझ्या जागी आलेल्या अधिकाऱ्याने फाईल उघडली. फाईलप्रमाणे ती खोली तीन वर्षे अनधिकृतपणे व्यापलेली होती. त्याने आठ दिवसांची मुदत दिली आणि तीन वर्षांचे भाडे दंडासह काढले. तो माणूस दुष्ट नव्हता. तो फक्त नोंदीतून जागा झाला होता.

हे मला पुष्कळ उशिरा, एका लग्नात भेटलेल्या जुन्या लिपिकाकडून कळले. त्या कोठे गेल्या हे त्यालाही ठाऊक नव्हते.

आता त्या अभियंत्यात आणि माझ्यात फरक असा, की तो विसरला होता. मी विसरलो नव्हतो. टिपण घातले असते तर ते वर गेले असते, कोणत्या नियमान्वये असे विचारले गेले असते, आणि उत्तर माझ्या सहीने द्यावे लागले असते. कदाचित परवानगी मिळालीही असती. निदान दंड तरी त्या बाईच्या माथी आला नसता. पण मला दया करायची होती आणि तिच्यावर माझे नाव नको होते. गुप्तदानाला आपल्याकडे फार मान आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु गुप्तदान स्वतःच्या पैशाचे करायचे असते. खोली माझी नव्हती. ती पदाची होती, आणि पद मी गेल्यावरही तेथेच राहणार होते. पदाच्या अधिकाराने दिलेली आणि पदाला न कळवलेली सवलत ही, जो मनुष्य ती घेतो त्याला आपल्या पाठीमागे उघड्यावर सोडून जाणे आहे. हे मला त्या दिवशी कळायला हवे होते. नाझराला कळले होते.

मी नोटिशीचा मसुदा फाडला. त्याऐवजी त्या अभियंत्याला साधे पत्र लिहिले आणि काय काय बदलले होते ते आठवत असल्यास कळवावे अशी विनंती केली. चौथ्या दिवशी उत्तर आले. त्याने दोन पाने भरून एकेक तार, एकेक मेज, कोणत्या दिवशी का हलवले हे लिहिले होते. काही चुकलेले नव्हते. एवढी माहिती त्याच्याजवळ होती. ती त्याच्या ट्रंकेबरोबर बदलून गेली होती. पत्राच्या शेवटी क्षमा मागितली होती, ती वाचताना मला संकोच वाटला.

नव्या अभियंत्याने त्या पत्रावरून उरलेली व्यवस्था लावली आणि मला बोलावले. एरवी अशा कामाला मला कोणी बोलावले नसते. मीच सांगून ठेवले होते. तेव्हा त्याने एक गोष्ट दाखवली, जी मी तोवर लक्षात घेतली नव्हती. नोंद करण्याची ती आज्ञा केवळ आपल्या फेरफाराची नोंद करीत नाही. त्या क्षणी जे जे चालू आहे ते सर्वच्या सर्व ती लिहून टाकते. त्यात दुसऱ्या कोणी तात्पुरते केलेले असेल ते, विसरलेले असेल ते, चुकलेले असेल तेही. मोठ्या फाईलच्या तळाशी सही करताना खालची चाळीस टिपणे जशी आपली होतात, तसेच हे. म्हणून नोंद करण्यापूर्वी सारी यादी वाचायची असा त्याचा आग्रह होता. आम्ही वाचत बसलो. मला त्यातले चौथा हिस्साही कळत नव्हते.

एकोणिसाव्या तारेपाशी तो अडला. तिच्यावर एक निराळा गट नेमलेला होता. ती भिंतीत शिरत होती आणि कोठे निघते हे कोणाला सांगता येईना. पत्रात ती नव्हती. बहुधा त्या अभियंत्याच्याही आधीची. यादीत तिचे कारण नव्हते, कारण आज्ञा देताना शेजारी लिहिलेले शेरे ही पेटी ठेवीत नाही. ती आज्ञा लक्षात ठेवते, आज्ञेचे कारण टाकून देते. नियमाप्रमाणे अनोळखी तार बंद करायला हवी होती. त्याने ती बंद केली, पण मुद्दाम नोंद केली नाही, आणि आपण आठवडाभर थांबू असे म्हणाला.

पाचव्या दिवशी, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, तळमजल्यावरून निरोप आला. निवृत्तिवेतनधारकांच्या चौकशीची खिडकी महिन्यातून चार दिवस उघडते. तेथला संगणक चालत नव्हता आणि बाहेर म्हातारी माणसे उभी होती. एकोणिसावी तार तेथे निघत होती.

आम्ही ती पुन्हा सुरू केली. शेरे टिकत नसले तरी प्रत्येक तारेला एक वर्णन देता येते, आणि ते मात्र नोंदीत राहते. त्याने त्या वर्णनात खिडकीचे नाव, तारीख आणि स्वतःची आद्याक्षरे घातली. मी त्याला माझीही घालायला सांगितली. मग त्याने ती आज्ञा दिली आणि आम्ही दिवे मालवून वर आलो. बॅटऱ्यांच्या प्रस्तावावर मी त्याच संध्याकाळी सही केली.